डिझाइनच्या नोकरीची मुलाखत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरगावच्या एखाद्या शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचवले तेव्हा मला वाटले, थट्टा चालली आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला एस्टीने जावे लागे, आणि मुलीला एकटीला एस्टीत बसवायला वडील तयार नव्हते. एवढीच माझ्या शिक्षणाची हकीकत. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या लेकीला डिझाइनची नोकरी लागली ती कशी लागली, तेवढेच सांगा. आपल्या बऱ्याच जणींच्या मुली आता त्या वाटेला लागल्या आहेत." तेव्हा जे घरात पाहिले ते सांगते. चुकलेमाकले पोटात घाला.

डिझाइन म्हणजे रांगोळी, नाहीतर साडीच्या काठावरची वेलबुट्टी, असे मला पुष्कळ दिवस वाटायचे. लेकीने त्याचा अभ्यासक्रम घेतला तेव्हा शेजारणीने विचारले, "चित्रे काढून पोट भरेल का?" मलाही तेच वाटत होते. लेकीने मला समजावले ते पाण्याच्या लोट्यावरून. ती म्हणाली, १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोने आपल्या सरकारसाठी एक अहवाल लिहिला, आणि त्यात भारतातल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांनी लोट्याला मान दिला. तो आकाराला कसा आला असेल याचे किती प्रश्न त्यांनी काढले! पाणी किती मावावे, हात कुणाचा, लहान की मोठा, डोक्यावरून न्यायचा की कडेवरून, ओतताना धार कशी पडते, आत हात जाऊन घासता येतो का, भरलेला असताना तोल कुठे जातो, खाली ठेवला की आवाज कसा येतो. पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली तिच्या मुळाशी तो अहवाल आहे. मी म्हटले, "अगं, हे प्रश्न तर भांड्याच्या दुकानात आम्ही रोज करतो!" ती म्हणाली, "तेच डिझाइन, आई." तिचे काम मोबाइलच्या पडद्याचे. कुठले बटण कुठे असावे, कोणते अक्षर केवढे असावे, म्हाताऱ्या माणसाला पैसे भरताना घाबरायला होऊ नये, असे सगळे.

२०२३ साली तिचा अभ्यासक्रम संपला. शिक्षणाला कर्ज काढलेले. आमच्या घरच्यांनी सांगून टाकले की पुढच्या दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्थळे पाहायला लागू. ते रागाने बोलले नव्हते, पण बोलले ते बोलले. घरात त्या दिवसापासून दिवाळी हा शब्द कुणी काढीना.

पहिल्या तीन मुलाखतींत तिला नकार आला. तिन्ही कशा गेल्या ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

पहिल्या ठिकाणी तिने आपले काम दाखवले. पूर्वी शिवणकामाच्या शिक्षिकेकडे नमुन्यांची वही असे, तसा यांचा कामाचा संग्रह असतो, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. तिने त्यात नऊ कामे घातली होती. रंग असा निवडला, अक्षर असे घेतले, असे ती वीस मिनिटे बोलली. समोरच्याने विचारले, "हे कुणासाठी केले?" तिला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या ठिकाणी समोर बसवून एक काम दिले, तिकिटाच्या यंत्राचा पडदा करा म्हणून. तिने विचारल्याशिवाय भराभर चौकोन काढायला सुरुवात केली. ते म्हणाले, "तिकीट रेल्वेचे की सिनेमाचे, हे तरी विचाराल की नाही?" तिसऱ्या ठिकाणी ती प्रत्येक गोष्टीला "आम्ही केले, आम्ही ठरवले" म्हणत राहिली. चौघींनी मिळून केलेले काम होते ते. त्यांनी दोनदा विचारले, "त्यात तुमचे काय?" ही म्हणाली, "सगळ्यांनी मिळूनच केले." मग एका बाईंनी कामात एक दोष दाखवला तेव्हा ती खाली मान घालून गप्प बसली. पगार किती अपेक्षित आहे असे विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही द्याल तो."

ती घरी येऊन हे सांगत होती आणि मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला. मैत्रिणींनो, ही सगळी माझी शिकवण होती. मला एकोणिसाव्या वर्षी पाहायला आले तेव्हा आईने बजावले होते, मान वर करू नकोस, विचारले तेवढेच सांग, "मी, मी" करू नकोस. पोहे केले मी, पण कुणी वाखाणले तर "आईने केले" म्हणायचे असे ठरलेले. तेच मी लेकीला दिले. मोठ्यांपुढे तोंड उघडू नये. उलट बोलू नये. मागू नये, देतील ते घ्यावे. चार माणसांत मुलगी गुणाची दिसावी म्हणून जे जे केले, ते सगळे तिच्या वाटेत आडवे आले. त्या रात्री मला झोप आली नाही. आईला दोष देऊ की स्वतःला, हे अजून मला नीट ठरवता आलेले नाही. आपल्यापैकी काही जणी म्हणतील की विनय हवाच. हवाच ना. पण विनय निराळा आणि मुके बसणे निराळे, हा फरक मला चाळिशीनंतर कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला म्हटले, "तुझे काम मला सांग." ती हसली. "तुला काय कळणार?" मी म्हटले, "म्हणूनच सांग." माहेरून हुलगे आले होते, ते निवडायला घेतले. शेजारी एक स्टीलची वाटी ठेवली. ठरवले असे, की तिचे बोलणे मला कळले नाही की हुलग्यांतला एक खडा वाटीत टाकायचा. टक् असा आवाज झाला की तिने थांबायचे आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगायचे. पहिल्या दिवशी वाटीत चौदा खडे पडले. ती चिडली, रडकुंडीला आली, म्हणाली की कंपनीतले लोक तुझ्यासारखे नसतात, त्यांना हे शब्द कळतात. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. पंधरा दिवसांत खडे तीनचारवर आले.

त्या पंधरा दिवसांतच एक मोठी गोष्ट निघाली. तिच्या संग्रहातले मुख्य काम होते बचत गटाच्या हिशेबाचे ॲप. दिसायला सुंदर. प्रत्येक बाईने आपल्या फोनवर नंबर टाकायचा, फोनवर चार-सहा आकडे येतात ते भरायचे, की आपली शिल्लक दिसते. मी खडा टाकला. तिने पुन्हा सांगितले. मी पुन्हा खडा टाकला. ती म्हणाली, "आता काय नाही कळले?" मी विचारले, "कुणाचा फोन?" आपल्या गटातल्या निम्म्या बायकांचा नंबर म्हणजे मुलाचा नंबर. तो फोन खिशात घालून कामावर गेलेला. ते आकडे त्याच्याकडे जाणार, बाई इथे बसणार. आणि दुसरे म्हणजे, आपण हप्ता तारखेने देतो का? आपण बाजाराच्या दिवसाने देतो. तिने विचारले होते कॉलेजातल्या मैत्रिणींना, त्यांच्यापैकी एकही कधी गटाच्या बैठकीला बसलेली नव्हती. मी तिला म्हटले, "मी बारा वर्षे गटात आहे. तू मला एकदा तरी विचारलेस का?"

ती काही बोलली नाही. पण पुढच्या बैठकीला माझ्याबरोबर आली, कोपऱ्यात वही घेऊन बसली. तिथे तिला दिसले की खजिनदार प्रत्येकीची रक्कम मोठ्याने वाचते, आणि ते वाचणे सगळ्यांनी ऐकणे हाच खरा हिशेब आहे. जिला अक्षर येत नाही तीही कानाने तपासते. एकटीने गुपचूप शिल्लक बघायची सोय कुणी मागितलीच नव्हती. मग तिने सगळे मोडून नवे केले. एकच फोन, खजिनदाराचा. प्रत्येकीचा मोठा फोटो, नावाला हात लावला की रक्कम मोठ्याने मराठीत ऐकू येते, हप्ता बाजाराच्या दिवसावर. आणि जुने चुकलेले काम तिने फेकून दिले नाही. आधी काय केले, कुठे चुकले, कुणी दाखवले, मग काय बदलले, असे ओळीने मांडले. नऊ कामांतली सहा काढून टाकली. तीनच ठेवली, पण तिन्हींचा जन्मापासूनचा इतिहास तिला तोंडपाठ. पाहुण्यांपुढे फराळाची नऊ ताटल्या मांडून एकही नीट न वाढणारी बाई आपण पाहिली आहे, तसे पूर्वी तिचे होत होते.

काम सांगताना प्रत्येक गोष्टीला कारण हवे, हे तिने मला रुपयाच्या चिन्हावरून पटवले. २०१० च्या १५ जुलैला सरकारने ते चिन्ह स्वीकारले. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे ते काम. त्यात आपला देवनागरी र आहे आणि इंग्रजी आर आहे. वरच्या दोन आडव्या रेघांत तिरंग्याची आठवण आहे आणि गणितातले बरोबरचे चिन्हही आहे. आपण किराण्याच्या पावतीवर ते रोज पाहतो, पण एकेका रेघेला असे कारण असते हे मला माहीत नव्हते. "मला आवडले म्हणून केले" हे मुलाखतीत चालत नाही. असे का केले, दुसरे काय करता आले असते आणि ते का सोडले, हे सांगावे लागते.

समोर बसवून दिलेल्या कामाची तयारी आम्ही स्वयंपाकघरात केली. मी तिला म्हटले, आजीसाठी मिसळणाचा डबा कर. सासूबाईंना मोतीबिंदूने दिसत नव्हते तेव्हा त्या हळद आणि तिखट वासाने ओळखायच्या, आणि एकदा जिऱ्याच्या जागी ओवा पडला होता. लेकीने वही उघडली तशी मी म्हटले, "पेन्सिल खाली. आधी विचार." मग ती विचारू लागली. स्वयंपाक आजी एकटी करते की सूनही? हात ओले असतात का? डबा ओट्यावर असतो की फळीवर? भरून कोण ठेवते? अजिबात दिसत नाही की अंधूक दिसते? दहा मिनिटे असे प्रश्न झाले, मग तिने चित्र काढले. काढतानाही तोंडाने बोलत राहायचे, कारण समोरच्या माणसाला चित्रापेक्षा डोके कसे चालते ते पाहायचे असते. गप्प राहून सुंदर चित्र काढणारी मागे पडते आणि वेडेवाकडे चौकोन काढत नीट विचार सांगणारी पुढे जाते, असे तिच्या सरांनीही तिला सांगितले. तेवढ्यात मी मध्येच म्हणायचे, "हे मला पटत नाही." तिने रुसायचे नाही, रडायचे नाही आणि लगेच होला हो म्हणायचे नाही. "का पटत नाही?" असे विचारायचे. घरात आईला असे विचारणे तिला फार जड गेले. मलाही ऐकायला जडच गेले, खोटे कशाला सांगू.

इंग्रजीचे म्हणाल तर मुलगी मराठी शाळेतली. आधी मराठीत नीट सांगता आले की मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत ती आरशापुढे बोले. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला लाजायचे नाही, भलतेच उत्तर देण्यापेक्षा ते बरे. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर येत नाही म्हणावे, ती कशी शिकून घेईन ते सांगावे.

पगाराचे मी तिला भाजीवालीवरून सांगितले. "तुम्ही द्याल ते द्या" म्हणणारी भाजीवाली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. तिने आपल्या आधीच्या वर्षांतल्या मुलींना विचारून या कामाला साधारण काय मिळते ते काढले आणि इथपासून इथपर्यंत असा आकडा मनाशी ठरवला.

एका ठिकाणी तिला चार दिवसांचे काम घरी करायला दिले. मुलगी रात्ररात्र जागली. पाठवल्यावर होय नाही की नाही नाही, साधा निरोपसुद्धा आला नाही. मला त्याचा फार राग आला होता. आपण शिवायला टाकलेल्या ब्लाऊजची शिलाई देतो, मग यांनी तोंडी उत्तर द्यायला काय हरकत? तेव्हापासून ती आधीच विचारते, या कामाला किती तास अपेक्षित आहेत आणि तुम्ही त्यात काय पाहणार? विचारल्याने अजून कुणी तिला वाईट म्हटलेले नाही.

ज्या मुलाखतीतून नोकरी लागली ती पुण्याच्या कंपनीची, पण घरूनच लॅपटॉपवर झाली. त्याची तयारी म्हणजे उजेड तोंडावर यावा म्हणून टेबल खिडकीसमोर, लॅपटॉप आदल्या रात्री भरलेला, वीज गेली तर मोबाइलचे इंटरनेट, आणि कामाची एक प्रत आधीच ईमेलने पाठवून ठेवलेली, पडदा दिसेना तर त्यांनी ती उघडावी. एवढे करून मी कुकर लावून बसले होते! ऐन मुलाखतीत पहिली शिट्टी झाली. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धा कच्चा भात खाल्ला.

मी दाराआड उभी होते. इंग्रजी मला सगळे कळत नाही, पण लेकीचे बोलणे मी इतक्यांदा ऐकले होते की कुठे पोचली ते समजत होते. बचत गटाचे काम आले. ती आधी तिचे चुकलेलेच सांगू लागली, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. म्हटले, ही आपणच आपले दोष का सांगते? समोरच्या बाईंनी विचारले, हे तुमच्या लक्षात कसे आले? ती म्हणाली, "माय मदर." मग ती हुलग्यांचे, खड्यांचे, वाटीचे सांगू लागली आणि पलीकडून हसू ऐकू आले. ते चेष्टेचे नव्हते, चांगले हसले ते. मग त्यांनी विचारले, यातले तुमचे स्वतःचे काय? ती जरा थांबली. मी दाराची कडी धरून उभी. "आय" म्हणून तिने सुरुवात केली आणि पुढची पाचसहा वाक्ये "आय"नेच झाली. बैठकीत बसून बायकांशी बोलले मी, रक्कम मोठ्याने वाचायची कल्पना माझी, चित्रे मैत्रिणीची, असे स्वच्छ वाटून सांगितले. शेवटी त्यांनी तिला तुमचे काही प्रश्न आहेत का विचारले. पूर्वी ती नाही म्हणायची. या वेळी तिने दोन प्रश्न केले. तुमच्याकडे डिझाइन करणारे लोक वापरणाऱ्यांना किती वेळा भेटतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा राहील. मला आठवले, मला पाहायला आले होते तेव्हा सासूबाईंनी विचारले होते, "तुला काही विचारायचे आहे का?" मला पुष्कळ विचारायचे होते.

आठ दिवसांनी निरोप आला. दिवाळीला तेव्हा एक महिना होता. आमचे घरचे काही बोलले नाहीत, उठून दुकानात गेले आणि पेढे घेऊन आले. पगार तिने सांगितलेल्या आकड्याच्या मध्यावर ठरला. कर्जाचा हप्ता आता ती स्वतः भरते. गटाचे ते ॲप मात्र अजून कागदावर आणि पडद्यावर आहे, खरे झालेले नाही. सुट्टीला आली की खजिनदारांशी बसून त्यात काही ना काही बदलत असते.

मला एवढेच येते आणि एवढेच सांगायचे होते. ज्यांच्या मुलीची, सुनेची किंवा मुलाची अशी मुलाखत जवळ आली असेल त्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवावे. सोमवार आणि गुरुवार, दुपारी अडीच ते चार मी मोकळी असते. इंग्रजी मला कळत नाही, तेव्हा मराठीतच सांगावे लागेल. हुलगे संपले आहेत, पण मटकी आहे आणि तिच्यातही खडे बरेच आहेत.